घरच्या घरी हिवाळ्याचं जळण कापायचंय, सुरक्षित करवत कोणती?

गारठा

नमस्कार मंडळी,

घरात लाकडावर चालणारी शेगडी आहे. आतापर्यंत कापून-फोडून तयार जळण आणत होतो. यंदा आवारातलं एक मोठं झाड जाणकार माणसांकडून उतरवून घेतलं आणि त्याचं सगळं लाकूड परसात पडलंय. मनगटाएवढ्या फांद्यांचा मोठा ढीग, मांडीएवढे बरेच ओंडके आणि बुंध्याचे काही तुकडे, जे कवेत मावत नाहीत. शेगडीची आतली लांबी ४० सेंमी, म्हणजे तुकडे ३० ते ३३ सेंमीचे हवेत.

मी आजवर चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीच्या दातांनी कापणारी यांत्रिक करवत, हातात धरलेली नाही. बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना करवतीची सवय आहे आणि या कामात त्यांना हात लावायचाच आहे. अंगणात मुलं खेळत असतात. पेट्रोलची, वायरची, बॅटरीची, एका हातात मावणारी छोटी, पुढेमागे चालणाऱ्या पात्याची... जाहिरात वाचली की प्रत्येक करवत सुरक्षितच वाटते. वापरणाऱ्यांचं मत हवंय. काम लवकर उरकण्यापेक्षा सगळ्यांची बोटं जागेवर राहणं मला महत्त्वाचं वाटतं.

सुतारपक्षी

मनगटाएवढ्या फांद्यांसाठी यंत्राचा विचारच करू नका. कमानीची करवत घ्या, म्हणजे धनुष्यासारख्या नळीच्या चौकटीत ताणून बसवलेलं पातं. ६० सेंमी आणि ७५ सेंमी अशा लांबीत सहज मिळते. १५ सेंमी जाडीपर्यंत आरामात कापते. त्याहून जाड ओंडक्यात चौकट लाकडाला टेकायला लागते आणि हात मोकळा चालत नाही.

पातं घेताना दात नीट बघा. सलग एकसारखे त्रिकोणी दात असतील तर ते वाळलेल्या लाकडाचं पातं. दर चार-पाच दातांमागे एक खोल खाच आणि तिथे बुटका, वेगळ्या आकाराचा दात दिसला, तर ते ओल्या लाकडाचं. ओल्या लाकडाचा भुसा धाग्यांसारखा लांब निघतो. तो बुटका दात तो खरवडून खाचेत गोळा करतो आणि बाहेर टाकतो. ओल्या लाकडाला कोरडं पातं लावलं की भुसा कापात साचतो, करवत जड होते, माणूस जोर लावतो आणि मग पातं उसळून हातावर येतं. हातकरवतीच्या जखमा बहुतेक अशाच होतात, आणि त्याही काप सुरू करताना, डाव्या हाताच्या अंगठ्याला.

म्हणून पहिले चार-पाच ओढे हलके, पातं आपल्याकडे ओढत. खाच पडली की डावा हात पात्यापासून वीतभर लांब न्यायचा किंवा चौकटीच्या दुसऱ्या टोकाला धरायचा.

माळरान

माझ्याकडे ती एका हाताची छोटी बॅटरीवाली चेनसॉ आहे, १५ सेंमीच्या बारची, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची. हलकी आहे, आवाज कमी, आईसुद्धा वापरते. धागाकर्त्यांना हीच सुचवेन. मोठ्या चेनसॉची भीती वाटते तशी हिची वाटत नाही.

लाकूडतोड्या

माळरान, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचंय. काळजीपोटी लिहितोय, राग मानू नका.

मी बरीच वर्षं लाकूड कापतोय आणि नवशिक्यांना शिकवतोही. कोणती करवत सुरक्षित असं कुणी विचारलं की मी उलट एकच विचारतो: करवत चालू असताना तुमचा दुसरा हात कुठे असतो?

कमानीच्या करवतीत दुसरा हात ओंडक्यावर असतो, पण पातं तुमच्याच जोरावर चालतं. हात थांबला की तेही थांबतं. दोन मुठींच्या चेनसॉवर दोन्ही हात यंत्रावरच अडकलेले असतात. पुढची मूठ सोडली तर ती चालवणंच अवघड. म्हणजे साखळीपाशी जायला हात मोकळा राहत नाही. एका हाताच्या छोट्या यंत्रात मात्र दुसरा हात रिकामा असतो, आणि रिकामा हात आपसूक फांदी धरायला जातो, तीही कापायच्या जागेपासून वीतभर अंतरावर. साखळी फांदीवरून सरकली, फांदी तुटून हात खाली आला किंवा यंत्र मागे उसळलं, तर वाटेत तोच हात असतो. या लहान यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांना चेनब्रेक, म्हणजे साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक, नसतो. साखळी बारीक असली तरी बोट कापायला पुरते.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी फेकून द्यावी असं म्हणत नाही. फांदी घोडीवर, म्हणजे ओंडका टेकवायच्या लाकडी आधारावर, पट्ट्याने आवळा, डावा हात यंत्रावर ठेवायची सोय असेल तर तिथेच ठेवा, नसेल तर पाठीमागे घ्या. पण पहिलं यंत्र म्हणून मी ही कधीच सुचवणार नाही. वजन कमी म्हणून धोका कमी असं या बाबतीत होत नाही.

विजेरी

लाकूडतोड्यांशी सहमत. +१

वायरची चेनसॉ घ्यायची ठरली तर थोडं विजेबद्दल. ही यंत्रं साधारण १८०० ते २००० वॉटची असतात. एक्स्टेंशनची वायर बाहेरच्या वापराची आणि तीन तारांची हवी. जाडी १.५ चौरस मिमीपेक्षा कमी नको, लांबी जास्त असेल तर २.५ घ्या. रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळातून एवढा प्रवाह गेला की आतली वायर तापते आणि वरचं आवरण वितळू शकतं. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, असल्याशिवाय यंत्र लावूच नका, कारण वायर कधी ना कधी साखळीखाली येते. ती येऊ नये म्हणून वायर कायम पाठीमागे, उजव्या खांद्यावरून सोडलेली. ओल्या गवतावर, पावसात काम बंद.

गारठा

सगळ्यांचे आभार. लाकूडतोड्या, दुसऱ्या हाताचा मुद्दा एकदम पटला. बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले, "हे बरोबर सांगतोय." मग मांडीएवढ्या ओंडक्यांना काय? आणि ही उसळी म्हणजे नक्की काय होतं? सगळीकडे किकबॅक शब्द वाचतोय, पण डोळ्यांपुढे येत नाहीये.

लाकूडतोड्या

किकबॅक नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या सूचना आपोआप कळतील.

चेनसॉ समोर धरली की साखळी बारच्या वरच्या बाजूने तुमच्यापासून दूर जाते, टोकाला वळते आणि खालच्या बाजूने तुमच्याकडे येते. खालच्या बाजूने कापताना यंत्र लाकडाकडे ओढलं जातं, वरच्या बाजूने कापताना तुमच्या अंगावर ढकललं जातं. ही दोन्ही ओढाताण सांभाळता येते. खरी अडचण टोकाच्या वरच्या चतकोरात आहे. तिथे साखळीचा दात खाली वळायच्या बेतात असतो. नेमका तोच भाग एखाद्या ओंडक्याला टेकला की दात लाकडात रुततो, पण पुढे जायला वाट नसते. साखळीचा सगळा वेग बारला वर आणि मागे फेकतो, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे, मानेकडे, डाव्या खांद्याकडे. पेट्रोलच्या यंत्रात साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावत असते. डोळ्याने बघून हात आवरायला वेळच मिळत नाही.

यावर यंत्रातला मुख्य उपाय चेनब्रेक. पुढच्या मुठीपुढे जी उभी ढाल दिसते ती नुसती ढाल नाही. यंत्र उसळलं की मनगट तिच्यावर आदळतं किंवा उसळीच्या झटक्यानेच ती पुढे पडते, आणि साखळी क्षणात थांबते. हुस्कवर्ना या चेनसॉ बनवणाऱ्या कंपनीने आपोआप लागणारा चेनब्रेक १९७३ साली आणला. त्याआधीच्या जुन्या यंत्रांत तो नाही. म्हणून कुणी माळ्यावरची जुनी दणकट चेनसॉ प्रेमाने देऊ केली तरी ढाल आहे का, ती पुढे ढकलल्यावर साखळी खरंच थांबते का, हे बघितल्याशिवाय घेऊ नका.

डावा अंगठा पुढच्या मुठीला खालून पूर्ण वेढा घालून हवा. चार बोटं आणि अंगठा एकाच बाजूला ठेवले तर उसळीत मूठ सुटते आणि मनगट ढालीला लागतच नाही. डोकं बारच्या थेट मागे नको, थोडं डावीकडे. खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नाही. शिडीवर चढून तर कधीच नाही.

ढिगातच कापायला लागणं ही नवशिक्यांची मोठी चूक. समोरचा ओंडका दिसतो, पण टोक त्याच्या पलीकडच्या ओंडक्याला टेकतं ते दिसत नाही. एक ओंडका ढिगातून बाहेर काढायचा, मोकळ्या जागी घोडीवर ठेवायचा आणि मगच यंत्र सुरू करायचं.

तांबटपक्षी

अवांतर: आज वापरात असलेल्या साखळीचा आकार जोसेफ कॉक्स यांना लाकूड पोखरणाऱ्या अळीवरून सुचला. अळी आपल्या जबड्यांनी डावी-उजवीकडे आलटून-पालटून कुरतडते. साखळीवरचे दातही तसेच एक डावा, एक उजवा. १९४७ साली त्यांनी त्या साखळ्या विकायला काढल्या. माझं आवडतं उदाहरण आहे, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

सुतारपक्षी

तांबटपक्षी, छान माहिती. साखळी जवळून बघितली तर प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा दिसतो. दाताने एका वेळी किती खोल जायचं हे तो ठरवतो. दात आणि उंचवटा यांच्या उंचीत साधारण ०.६५ मिमीचा फरक असतो. लोक धार लावताना हा उंचवटा अंदाजाने जास्त घासतात. मग दात हावरटासारखा खोल जातो आणि उसळी वाढते. तो घासायचा झाला तर मापाची पट्टी ठेवूनच.

डोंगरवाट

मी पेट्रोलच्या बाजूने बोलतो. ताकद लागते हो! मांडीएवढा ओंडका बॅटरीवर कापताना दम लागतो आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. चांगलं मध्यम आकाराचं पेट्रोल यंत्र घेतलं की आयुष्यभराचं काम होतं.

लाकूडतोड्या

डोंगरवाट, ज्यांना वर्षभर, रोज, रानात कापायचंय त्यांच्यासाठी तुमचं बरोबर. माझंही रोजचं यंत्र पेट्रोलचंच. पण घरच्या परसात पहिल्यांदा हाती धरणाऱ्याला मी ते देणार नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, बहुतेक यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. गरम यंत्रात इंधन भरायचं नाही. इंधन भरलं तिथून तीनेक मीटर लांब जाऊन सुरू करायचं. सुरू करताना यंत्र जमिनीवर, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, ब्रेक लावलेला. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची नाही. बंद शेडमध्ये चालवायचं नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही. आवाज १०० डेसिबलच्या वर. ८५ डेसिबल आठ तास ही कानांची मर्यादा मानली आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच हाती येतात. हे सगळं पाळणारे आहेत, पण शिकण्याच्या पहिल्या महिन्यात लक्ष बारच्या टोकावर हवं. ते इंजिनाच्या नखऱ्यांत जायला नको.

बॅटरीची ३६ किंवा ४० व्होल्टची, ३० ते ३५ सेंमी बारची चेनसॉ मांडीएवढ्या ओंडक्यांना पुरते. हळू कापते, पण कापते. खटका सोडला की साखळी थांबते. पेट्रोलसारखं मध्येच घुरघुरत राहणं नाही. पण याच शांततेमुळे लोक बेसावध होतात. दोन कापांच्या मध्ये यंत्र इतकं गप्प असतं की ते चालू आहे याचा विसर पडतो आणि हात साखळीवरचा भुसा झटकायला जातो. साखळीला हात लावायचा तर आधी बॅटरी बाहेर, दर वेळी. ताण बघायला, अडकलेली काडी काढायला, इतकंच काय, यंत्र उचलून दुसरीकडे न्यायलाही.

थंडीबद्दल डोंगरवाट यांचं म्हणणं खरं आहे. बॅटरी घरात उबेत ठेवायची, कामाच्या वेळी बाहेर काढायची. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही, तिचं कायमचं नुकसान होतं.

शुश्रूषा

मी रुग्णालयात काम करते, म्हणून एवढंच. करवतीची जखम झाली तर स्वच्छ कापड घेऊन थेट जखमेवर दाबा, दोन्ही हातांनी, जोरात, आणि थोड्या थोड्या वेळाने उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर तयार टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, जखमेच्या वर ५ ते ७ सेंमीवर आवळा, सांध्यावर नको, आणि वेळ लिहून ठेवा. ती रुग्णालयातच सुटेल.

आणि एकट्याने कापू नका. घरात कुणीतरी जागं, हाकेच्या अंतरावर असू द्या. फोन शेडमध्ये नको, खिशात हवा.

हिरवाई

मला वेगळाच प्रश्न पडलाय. झाड नुकतंच उतरवलंय ना? मग हे लाकूड या हिवाळ्यात जळणारच नाही! ताज्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग पाणी असू शकतो. शेगडीला २० टक्क्यांच्या खाली ओलावा हवा. ओलं घातलं तर उष्णता पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, जो पुढे पेटू शकतो. फांद्या एका उन्हाळ्यात वाळतील. जाड कठीण लाकूड फोडून रचलं तरी वर्ष ते दोन वर्षं घेतं.

म्हणजे गारठा, तुम्हाला घाई कसलीच नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी कापताय तुम्ही. रोज संध्याकाळी अर्धा तास कमानीची करवत चालवली तरी फांद्यांचा ढीग संपेल.

लाकूडतोड्या

हिरवाईताई, तुम्ही नेमकं बोललात. मी यंत्रांच्या तपशिलात शिरलो आणि हे कुणीच विचारलं नव्हतं. घाई नसेल तर ताकदवान यंत्राची गरजच निम्मी होते.

गारठा, आता माझं मत सरळ सांगतो. मनगटाएवढ्या फांद्या सगळ्या हातकरवतीने. या फांद्यांना चेनसॉ लावायचीच नसते. बारीक, लवचीक फांदी साखळीत अडकते, झटक्यात ओढली जाते आणि चाबकासारखी अंगावर येते. मांडीएवढे ओंडके दोन मुठींच्या बॅटरी चेनसॉने, पण आधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून. बुंध्याचे तुकडे जाणकार माणसाला बोलावून. ३५ सेंमीच्या बारने त्याहून जाड ओंडका दोन बाजूंनी कापता येतो हे खरं, पण तसं करताना टोक पूर्ण वेळ लाकडाच्या आत असतं, आणि उसळी टोकातूनच येते. ते पहिल्या वर्षाचं काम नाही.

माळरान

लाकूडतोड्या, राग कसला, उलट बरं झालं. आईला आज दाखवलं. ती डाव्या हाताने फांदी धरूनच कापत होती. आता घोडी करून घेतोय आणि पट्टाही आणलाय. पुढेमागे चालणाऱ्या पात्याची जी करवत असते, तिच्याबद्दल काय मत?

सुतारपक्षी

तिला किकबॅकचा धोका चेनसॉसारखा नाही, आणि दोन्ही हात यंत्रावरच असतात. फांद्यांसाठीचं पातं वेगळं मिळतं, इंचाला पाच-सहा मोठे दात. २३ ते ३० सेंमी लांबीचं पातं घ्या. पुढचा लोखंडी बूट लाकडाला घट्ट दाबून धरायचा. बूट सुटला की पातं लाकूड कापायचं सोडून सगळं यंत्रच हलवायला लागतं. पात्याचं टोक पलीकडे कशाला आपटलं तर पातं वाकतं, कधी तुटतं, तेव्हा पलीकडे मोकळी जागा ठेवा. ज्यांचे खांदे दुखतात त्यांना हातकरवतीऐवजी ही चांगली.

गोल पात्याची हातातली करवत किंवा टेबलावरची तिरके काप घेणारी करवत जळणाला लावू नका. ती सपाट फळीसाठी आहे. गोल ओंडका पात्याखाली फिरतो आणि हाताला सोबत घेऊन जातो. आणि ग्राइंडरवर लाकूड कापायची दातेरी किंवा साखळीची चकती बसवतात ना, ती कुणाच्या घरात असेल तर आजच काढून टाका. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो आणि त्याचं संरक्षक कवच अशा चकतीसाठी बनवलेलंच नसतं. चकती अडकली की ग्राइंडर हातातून सुटतो. मी या एका बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही.

डोंगरवाट

ग्राइंडरबद्दल शंभर टक्के सहमत.

कपड्यांचं कुणी बोललं नाही. चेनसॉची खास पँट येते, आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी अडते. इएन आयएसओ ११३९३ हे मानक बघा, जुन्या पँटवर इएन ३८१ असेल. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीवर तपासलेली. साध्या जीन्सचा इथे काही उपयोग नाही. पोलादी टोपीचे बूट, जाळीचा चेहरापट्टा, कानांना मफ. सैल बाह्या, ओढणी, मफलर, जॅकेटच्या लोंबत्या दोऱ्या काही नको.

लाकूडतोड्या

एक जोड देतो. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो, त्यामुळे त्या धाग्यांनी बॅटरीची साखळी अडेलच अशी खात्री धरू नका. पँट घालायचीच, पण तिच्या भरवशावर पाय बारच्या रेषेत ठेवायचा नाही.

गारठा

मंडळी, धागा दोनदा वाचून काढला. ठरलं ते सांगतो. कमानीची ६० सेंमीची करवत घेतली, ओल्या लाकडाचं पातं बसवून. हिरवाईताईंचं वाचल्यावर घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण या हिवाळ्यासाठी तयार जळणच आणायचं ठरवलं. बुंध्यासाठी झाड उतरवणाऱ्यांनाच परत बोलावलंय. चेनसॉ शिकवणारा एक दिवसाचा वर्ग मिळतोय, तो केल्याशिवाय यंत्र घरात आणणार नाही. बाबांनी आजच काही फांद्या कापल्या आणि भुसा खरंच शेवयांसारखा लांब निघतोय.

घोडीबद्दल मात्र नीट सांगा. उंची किती, ओंडका कुठे टेकवायचा, आणि काप कुठे घ्यायचा? आमची करवत मध्येच आवळली जातेय.

सुतारपक्षी

आवळली जातेय म्हणजे तुम्ही दोन आधारांच्या मधे कापताय. दोन्हीकडे टेकलेला ओंडका मधे खाली झुकतो, त्यामुळे वरची बाजू दाबली जाते आणि काप मिटतो. आधाराच्या बाहेर, लोंबत्या टोकाला कापा. तिथे वरची बाजू ताणलेली असते, काप उघडत जातो आणि तुकडा आपल्या वजनाने खाली पडतो. जाड ओंडका बाहेर लोंबत असेल तर शेवटी साल फाटत जाते. तसं नको असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा कापा, मग वरून. मधे कापणं भागच असेल तर उलट, आधी वरून तिसरा हिस्सा आणि मग खालून. चेनसॉलाही हाच नियम, फक्त तिथे बार अडकतो आणि माणूस ओढाताण करायला लागतो. अडकलाच तर यंत्र बंद करून बॅटरी काढा आणि लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकून काप उघडा. पोलादी पाचर साखळीजवळ नको.

घोडी अशी करा: दोन फुल्या, मधे दोन आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या. दोन फुल्यांमधलं अंतर ४० सेंमीच्या आसपास ठेवा, म्हणजे मीटरभराची फांदीही नीट बसते आणि दोन्हीकडे तुकड्याएवढं टोक बाहेर राहतं. ओंडका जिथे बसतो ती जागा हातकरवतीसाठी गुडघा आणि कंबर यांच्या मधोमध हवी, म्हणजे खांद्यातून जोर देता येतो. चेनसॉसाठी ती कंबरेच्या जवळ आणा. बाबांसाठी चार बोटं उंच करा, वाकायला लागता कामा नये. खिळे किंवा स्क्रू फुलीच्या वरच्या हातांत ठोकू नका, कधीतरी पातं तिथे जातंच. तिथे बोल्टाऐवजी लाकडी खुंटी वापरलीत तर उत्तम.

गारठा

खुंटी आणि अंतर दोन्ही लिहून घेतलं. बुंधा कापायला येणाऱ्या माणसांना काही सांगायचं असतं का?

लाकूडतोड्या

त्यांना तुकड्याची लांबी सांगा आणि आधीच बुंध्यावर खडूने खुणा करून ठेवा. ते जमिनीवर कापतील तेव्हा प्रत्येक खुणेवर तीन चतुर्थांश कापून मग ओंडका फिरवून उरलेला भाग कापतील. साखळी मातीला एकदा लागली तरी धार जाते, आणि बोथट साखळी जोर मागते. बुंध्यात जुनी तार, खिळा, झोपाळ्याचा हूक कधी काळी ठोकला असेल तर बाबांना आठवतोय का विचारा आणि ती जागा रंगाने दाखवा. साल त्यावर वाढून गेलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. मुलांना त्या वेळी घरात ठेवा, निदान १० मीटरच्या आत कुणी नको. तुकडे झाले की ताजे असतानाच फोडून घ्या. बरीच लाकडं ओली असताना सोपी फुटतात आणि फोडलेली लवकर वाळतात. रचताना जमिनीपासून वीतभर वर, वरून झाकलेलं, बाजूंनी उघडं.

गारठा

बाबांना आठवलं! दक्षिणेकडच्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर, कपडे वाळत घालायच्या तारेचा हूक होता. बुंध्याचा तो तुकडा शोधून लाल रंग लावून ठेवला.